टक्के आणि टोणपे

फौजेतून घरी आलेला माणूस शिपाई असो, नाईक असो की हवालदार, सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गाव त्याला ‘मेजर’च म्हणते. या बढतीला परीक्षा लागत नाही, शिफारस लागत नाही, दिल्लीची मंजुरी तर मुळीच लागत नाही. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात एसटीच्या थांब्यावर उभे राहून नुसती ‘ओ मेजर!’ अशी हाक मारली, तर वळलेल्या माना मोजता मोजता गाडी चुकायची.

गाव पदवी देताना हात आखडत नाही. सरकारही काही देताना आखडतेच असे नाही. फक्त देण्याआधी ते एक प्रश्न विचारते. किती टक्के?

सोयीसाठी इथे एक मेजर कल्पू या. कागदोपत्री हवालदार. नियंत्रण रेषेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुढचे सगळे फौजेने चोख केले. आधी इस्पितळ, मग पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र. हे केंद्र १९४४ पासून, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हापासून, जवानांना हातपाय बसवून देत आले आहे. मेजर नव्या पायावर चालायला शिकले, जिना चढले, आणि एके दिवशी मेडिकल बोर्डापुढे जाऊन उभे राहिले. तिथे त्यांच्या पायाचे पहिल्यांदा गणित मांडले गेले.

बोर्डापुढे मुख्य प्रश्न दोन. पहिला असा, की ही इजा नोकरीमुळे झाली का, किंवा निदान नोकरीमुळे बळावली का? सुरुंगाच्या बाबतीत फार डोके खाजवावे लागत नाही, कारण सुरुंग कुणाच्या परसात उगवत नाही. पण रक्तदाब, मधुमेह, मणक्याचे दुखणे असे काही निघाले की घोडे अडते. झालेलेही नाही आणि बळावलेलेही नाही, असे बोर्डाचे मत पडले की फायलीवर इंग्रजी आद्याक्षरांचा ‘नाना’ नावाचा शेरा बसतो. मराठी घरातले नाना पेन्शन आणतात, हे नाना खातात. त्यावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सरकारला समजावले, की भरतीच्या वेळी तुम्हीच धडधाकट म्हणून घेतलेल्या आणि तेव्हा कसलाही आजार न नोंदलेल्या माणसाचे दुखणे नोकरीतूनच आले असे धरून चाला. तसे नसेल तर ते तुम्ही सिद्ध करा, त्याने नव्हे. बारा-पंधरा वर्षे बर्फात काढलेल्या माणसाला हे न्यायालयाकडून मिळवावे लागले, ही त्यातली गंमत. तिला गंमत म्हणायचे असेल तर.

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. पेन्शनमध्ये अपंगत्वाचा वेगळा हिस्सा मिळायला २० टक्के ही फार वर्षांची रेघ. तीही एकदा ओलांडली की सुटलो, असे नव्हते. ठरावीक वर्षांनी फेरतपासणीचे बोलावणे यायचे आणि टक्के पुन्हा मोजले जायचे, जणू मधल्या काळात गेलेला पाय फुटून वर आला असेल. २००१ मध्ये केंद्राने या नेहमीच्या फेरतपासण्या बंद केल्या. मानवी पाय पुन्हा येत नाही हे शास्त्राला आधीपासून ठाऊक होते, नियमावलीला तेव्हा कळले.

केंद्राने त्याहून मोठी सोय केली ती टक्क्यांना गोल करण्याची. एका बोर्डाने ३० म्हटले, दुसऱ्याने ४० म्हटले, असे वाद नकोत म्हणून १९९६ पासून तीनच खण ठेवले. ५० च्या आत कितीही असले तरी ते ५० धरायचे. ५० ते ७५ मधल्या सगळ्यांना ७५. ७६ पासून पुढे सरसकट १००. शाळेत पस्तिसाला दोन कमी पडले तर ग्रेस मार्कांसाठी मास्तरांचे पाय धरावे लागतात, इथे २० चे थेट ५० होतात. मात्र ही सोय सुरुवातीला फक्त नोकरी अर्ध्यावर सोडायला लावून घरी धाडलेल्यांना, म्हणजे फौजी भाषेत ‘बोर्ड आउट’ झालेल्यांना होती. तेच अपंगत्व घेऊन दात-ओठ आवळून मुदत पुरी करणारा जवान त्यात बसत नव्हता. लंगडत का होईना ड्यूटी पुरी केली, ही त्याची चूक. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात मोडून काढला. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हे सगळे नियम नव्याने लिहिले, त्यामुळे पारावरच्या चर्चेला आता जुने मेजर आणि नवे मेजर असे दोन पक्ष लाभले आहेत.

इथवरचा मामला दिल्लीचा. खरी मौज राज्याच्या दारात सुरू होते.

युद्धात, चकमकीत किंवा दहशतवाद्यांशी लढताना जायबंदी झालेल्या आपल्या जवानाला महाराष्ट्र सरकार एकरकमी मदत देते. काही वर्षांपूर्वी या रकमा एकदम चौपट झाल्या, आणि चांगल्याला चांगले म्हणायलाच हवे. अपंगत्व १ ते २५ टक्के असेल तर पूर्वी ५ लाख मिळत, त्याचे २० लाख झाले. २६ ते ५० टक्क्यांना साडेआठचे ३४ लाख. ५१ ते १०० ला १५ चे ६० लाख. कागदावर हे तीन खण अगदी नीटस दिसतात. त्यांच्या मधल्या भिंतींकडे पाहिले की डोळे पांढरे होतात. २५ आणि २६ यांच्यात १४ लाखांचे अंतर. ५० आणि ५१ यांच्यात २६ लाखांचे. ५१ पासून १०० पर्यंत मात्र सगळे सारखे. म्हणजे एकावन्नावा टक्का हा मानवी देहातला सर्वांत महागडा टक्का, आणि त्याच्या नंतरचे एकोणपन्नास फुकट.

आता आपल्या मेजरांना बोर्डाने बरोबर ५० टक्के दिले आहेत असे समजा. पेन्शनच्या तक्त्यात हा ५० वरच्या खणात पडतो आणि ७५ होऊन बाहेर येतो. राज्याच्या तक्त्यात तोच ५० खालच्या खणात पडून ३४ लाखांवर थांबतो. माणूस तोच, पाय तोच, सुरुंगही तोच. दिल्लीच्या हिशेबाने इजा पाऊण, मुंबईच्या हिशेबाने अर्धी. ४९ असते तर दोन्हीकडे खालचा खण आणि मनाला शांती. ५१ असते तर दोन्हीकडे वरचा. पन्नास हा आकडा क्रिकेटमध्ये बॅट उंचावण्याचा असेल, इथे तो उंबरठ्यावर ताटकळण्याचा आहे.

एवढे झाले तरी मेजरांना तालुक्याला जायचे असते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. तिथे फौजी बोर्डाच्या कागदावर भागत नाही, दिव्यांगत्वाचे राज्याने मानलेले ओळखपत्र लागते. ते मिळवायला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जावे लागते. तिथे नवा कायदा, नवी फूटपट्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आखली. मेजर पुन्हा रांगेत बसतात, पुन्हा पायजमा वर करतात, पुन्हा पाय मोजला जातो. फौजी बोर्डाचे कोष्टक वेगळे, सिव्हिल सर्जनचे वेगळे. त्यामुळे एकाच पायाचे दोन वेगळे आकडे एकाच माणसाच्या एकाच पिशवीत सुखाने नांदू शकतात. शहाणा मेजर पिशवीत दोन कप्पे करतो. चुकून सिव्हिलचा कागद सैनिक कार्यालयात आणि सैनिकी कागद कंडक्टरपुढे निघाला तर स्टँडवर आणखी तासभर गेलाच म्हणायचा.

एसटीत आणखी एक रेघ आहे, ६५ टक्क्यांची. तितके अपंगत्व असेल तर सोबतच्या मदतनिसालाही निम्म्या भाड्यात बसता येते. आपल्या मेजरांसोबत बहुधा घरची माणसेच असणार. बायको असेल तर प्रश्नच नाही. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे तिला नवऱ्याच्या टक्क्यांची गरज उरलेली नाही. मुलगा सोबत आला तर मात्र बापाला ६५ हवेत. वय ७५ झाले की मेजरांना सगळाच प्रवास फुकट, तेव्हा टक्के कुणी विचारत नाही. म्हणजे बायकोसोबत हिंडावे, किंवा पंचाहत्तरीची वाट पाहावी.

या साऱ्या जंजाळात मेजरांना आपलेपणा वाटेल असे एकच ठिकाण जिल्ह्यात असते, ते म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. वर पुण्याला सैनिक कल्याण विभाग, खाली जिल्ह्याजिल्ह्यात ही कार्यालये. जोडीला सैनिकांची विश्रामगृहे आणि त्यांच्या मुलामुलींची वसतिगृहे. इथला अधिकारी बहुधा स्वतः फौजेतून आलेला असतो आणि टेबलामागची बरीचशी माणसेही. त्यामुळे आत शिरताना ‘जय हिंद साहेब’ म्हटले की ‘जय हिंद मेजर, बैठो, बोला काय काम’ असे निम्मे हिंदी निम्मे मराठी उत्तर येते. ही भाषा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरपासून लडाखपर्यंत सगळीकडे चालते.

पण आपलेपणा वेगळा आणि कागद वेगळा. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचे ओळखपत्र, अधिवासाचा दाखला, आधार. या पाचांवर एकच नाव असावे अशी सरकारची माफक अपेक्षा असते. ती पुरी होणे हाच एक योग. भरतीच्या दिवशी टेबलावर बसलेला बाबू उत्तरेकडचा असेल तर आळंदीच्या नावाने ठेवलेल्या ज्ञानेश्वरचा तो इंग्रजीत ‘ग्यानेश्वर’ करतो. आधार केंद्रातला पोरगा आपला असतो, तो त्याच नावाचे स्पेलिंग ‘डी-एन’ने सुरू करतो. बापाचे नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, कुठे गळालेले. वीस वर्षे परेडला एकाच नावाने ‘हाजिर’ म्हणणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर कळते की आपण दोघे आहोत.

बायकोची कथा याहून वरची. माहेरची शोभा, लग्नात तांदळात लिहिलेले नाव सुनंदा. मेजरांनी हौसेने युनिटला सुनंदा कळवली, तिची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली, रेकॉर्ड ऑफिसात सुनंदाची नोंद झाली. पुढे शाळेच्या दाखल्यावरून आधार निघाले ते शोभाच्या नावाने. जोवर सगळे ठीक तोवर घरात कुणाला काही जाणवत नाही. पेन्शनच्या कागदाला हात लागला की सरकारला दोन स्त्रिया दिसू लागतात, आणि त्यातली खरी कोण हे सांगायला प्रतिज्ञापत्र, तलाठी, ग्रामसेवक आणि रेकॉर्ड ऑफिस असा चौरंगी सामना सुरू होतो. शोभा-सुनंदाबाई तोवर कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून डबा उघडतात. दोघींना पुरेल इतका आणलेला असतो.

नोकरीचे म्हणाल तर राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पुन्हा टक्के, पण हे निदान जागांचे. स्पर्धा परीक्षेच्या मंडपात विशीतल्या पोरांमध्ये मिशीवाले, ताठ बसलेले, पेन्सिल टोकदार करून वेळेआधी पाऊण तास हजर असलेले उमेदवार दिसले की ओळखावे. याखेरीज राज्याचे माजी सैनिक महामंडळ आहे, लोक त्याला मेस्को म्हणतात. ते माजी सैनिकांना सुरक्षारक्षकाच्या कामावर पाठवते. सरहद्द राखलेल्या माणसाने मग एखाद्या कार्यालयाचे गेट राखायचे आणि आत जाणाऱ्याला ‘कुणाकडे काम आहे?’ विचारायचे. हा प्रश्न आजवर त्यालाच विचारला गेलेला असल्यामुळे तो अशा आवाजात विचारतो की माणूस खरे काम सांगून मोकळा होतो.

जमिनीचाही एक अध्याय आहे. सरकारी जमीन वाटताना सैनिक आणि माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची तरतूद राज्याच्या १९७१ च्या नियमांत आहे. मिळते ती भोगवटादार वर्ग २ म्हणून. म्हणजे कसा, पिकव, सातबाऱ्यावर नाव बघून आनंदी हो, पण विकायची तर आधी परवानगी काढ.

या सगळ्यात गावाला सर्वांत पसंत पडलेली योजना मात्र साधी निघाली. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने राज्याने माजी सैनिकांच्या घराची मालमत्ता करातून सुटका केली, शहरात तशी गावातही. घरपट्टी माफ. किती टक्के, हे नाही विचारले. दोन्ही पाय शाबूत असलेला मेजर आणि एकच असलेला मेजर, दोघांची घरे ग्रामपंचायतीला सारखी. ज्या गावात दर चौथ्या घरात फौजी आहे तिथल्या सरपंचाचा चेहरा हा निर्णय वाचताना कसा झाला असेल, याचे चित्र कुणीतरी काढायला हवे होते.

टक्क्यांचा हा घोळ आपल्याच राज्यात आहे म्हणून कुणी खंत करू नये. अमेरिकेत अशी पन्नास राज्ये आहेत. तिथे जखमी सैनिकाचे टक्के केंद्राचे माजी सैनिक खाते ठरवते, आणि त्याची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी नसते. पाठीचे ५० आणि गुडघ्याचे ३० मिळून ८० होत नाहीत. आधी ५० वजा, मग उरलेल्या निम्म्या माणसाचे ३० टक्के म्हणजे १५, एकूण ६५, आणि मग जवळच्या दहावर नेऊन ७०. हे ७० घेऊन सैनिक इलिनॉयमध्ये राहत असेल तर त्याच्या राहत्या घरावरचा कर जवळजवळ पुसला जातो. तोच टेक्ससमध्ये राहायला गेला तर घराच्या किमतीतून १२,००० डॉलर वजा धरून बाकीच्यावर कर भरायचा. घरावरचा कर पूर्ण माफ व्हायला तिथे १०० लागतात. ओक्लाहोमात १०० टक्केवाल्याला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर विक्रीकर नाही. टेक्ससची एक सवलत मात्र मनाला भिडणारी आहे. ५० टक्के असले की शिकारीचा आणि मासेमारीचा परवाना फुकट. आपल्या मेजरांच्या हे कानावर गेले तर ते कृष्णेच्या घाटाकडे पाहून म्हणतील, मासे धरायला परवाना लागतो हेच आधी नवीन.

त्याच टेक्ससने आणखी एक करामत केली. दिव्यांग माजी सैनिकांसाठी मोटारीची खास नंबरपाटी काढली आणि ती लावली की अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी उभी करता यायची. २०२२ पासून नियम बदलला. आता त्या पाटीवर चाकाच्या खुर्चीचे चिन्हही हवे, तरच ती जागा. पाटी म्हणते हा दिव्यांग आहे, कायदा म्हणतो चित्र कुठे आहे? हे ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही टेबलाला आपला सख्खा भाऊ सापडल्यासारखे वाटेल.

टक्क्यांच्या भानगडीत न पडता थेट कामाला लागलेली माणसे पाहायची असतील तर खडकीला जावे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी मुंबईत निघाली आणि काही वर्षांनी खडकीत आली. अधू झालेल्या शिपायाने पेन्शनकडे बघत बसू नये, हाताला काम लागावे, हा तिच्यामागचा हेतू तेव्हाच्या साहेबाचा, आणि तो शंभरावर वर्षे टिकला आहे. खडकीतलेच दुसरे ठिकाण पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ चे. पाठीचा कणा दुखावून कमरेखाली किंवा मानेखाली हालचाल गेलेले जवान तिथे राहतात. काही जण तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. काही जण चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, आणि त्या सामन्यात प्रेक्षक म्हणून बसणाऱ्याने हळहळ घरी ठेवून यावे. खुर्च्या एकमेकींवर आदळतात तेव्हा आवाज मोठा येतो आणि शिव्या अस्सल फौजी येतात.

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध मराठी माणूस अर्थात मुरलीकांत पेटकर. फौजेतले बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग अधू झाला, मग पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहायला त्यांना ३७.३३ सेकंद लागले. भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. पोहणाऱ्याला पलीकडचा काठ गाठायला ३७ सेकंद, पुरस्काराला पोहणाऱ्यापर्यंत पोचायला बावन्न वर्षे. पुरस्कार बहुधा उलट्या दिशेने पोहत असावा.

नोव्हेंबर आला की सगळ्या मेजरांना एकच काम असते, हयातीचा दाखला. यात मात्र टक्के नाहीत. माणूस जिवंत आहे किंवा नाही, मधला खण सरकारने अजून काढलेला नाही. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागे, मग अंगठ्याचे यंत्र आले. शेतात राबून रेषा झिजलेल्या अंगठ्यांना ते ओळखीना, आणि ज्यांचा हातच सरहद्दीवर राहिला त्यांनी काय करायचे हे यंत्राला विचारता येईना. आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होते. नातू फोन धरतो, मेजर सवयीने सावधान होतात, छाती पुढे, हनुवटी वर, नजर समोर खिळलेली. ॲप म्हणते पापण्या मिटा-उघडा. मेजर हलत नाहीत. ॲप पुन्हा म्हणते. सावधानमध्ये पापणी हलवायची नसते हे त्याला कोण सांगणार? शेवटी नातू वैतागून ओरडतो, ‘आजोबा, विश्राम!’